आडवा उजेड

“वर या! आत्ताच्या आत्ता वर या! तुमाले ऐकू येऊन राह्यलं का नाई?”

शेवंतावहिनी विहिरीच्या तोंडाशी पालथी पडली होती आणि डोकं आत घालून ओरडत होती. वहिनीचा आवाज साधा नाही. तिनं अनसिंगच्या बाजारात मेथीची जुडी मागितली तर वाशीमच्या स्टँडवर उभ्या एसटीचा कंडक्टर घंटी मारतो. तो सगळा आवाज त्या दिवशी विहिरीत ओतला जात होता. आत किसनदादा होता. तिचा नवरा, माझा चुलतभाऊ. विहीर चार पुरुष खोल, म्हणजे एकाच्या खांद्यावर एक अशी चार माणसं उभी राहतील एवढी.

“ओ,” दादा म्हणाला.

ते ‘ओ’ विहिरीतून आलं नाही. विहिरीच्या पलीकडून, तलावाच्या बाजूनं, काठाच्या खालून आलं. जिथं कावळ्यालाही बसायला जागा नव्हती, तिथून. वहिनीनं डोकं बाहेर काढलं, माझ्याकडं पाहिलं. भर दुपारचं ऊन, वारा नाही, पान हलत नाही, आणि नवरा आत उतरलाय एकीकडं आणि बोलतोय दुसरीकडून. तिच्या कपाळावरचं कुंकू घामानं नाकापर्यंत आलं होतं.

मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या. बिबट्याला टॉर्च दाखवून परत पाठवल्याची माझी गोष्ट पाच गावांत चालते, आणि दर गावात बिबट्या एक हात लांब होतो. पण ही थाप नाही. थाप असती तर मी ती यापेक्षा चांगली रचली असती, आणि त्यात माझं काम जरा बरं दाखवलं असतं.

*

तुरीच्या शेंगा खुळखुळायला लागल्या की मला वाशीममध्ये करमत नाही. माझं तिथं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. पूस महिन्याच्या सुमारास एखादी सकाळ अशी येते की हवेत तुरीच्या वाळल्या पाल्याचा वास असतो, थंडी अशी की मशीनला घातलेलं तेल जागीच विचार करत बसतं, आणि कोणीतरी गिऱ्हाईक सहज सांगतं, “तलावाचं पानी सोडलं गव्हाले.” मग मी दुकानाचं शटर अर्धं ओढतो. त्याचं कारण त्या पाण्यात आहे.

आमच्याकडं समुद्र नाही. आमच्याकडं तलाव आहे. मी लहान असताना बांधला गेला, आणि तेव्हा तो दादाच्या वावरापासून इतका लांब होता की त्यातलं पाणी पाहायचं तर झाडावर चढावं लागे. मग तो जवळ यायला लागला. तलाव कुठं चालतो का, असं तुम्ही म्हणाल. बाहेरच्या माणसाला हे समजावताना माझा घसा सुकतो. तलाव जागेवरच असतो, काठ मागं येतो. दर हिवाळ्यात दोन पावलं, एखाद्या वर्षी दहा. जिथं आम्ही क्रिकेट खेळलो ती जागा आता हवेत आहे. माझ्या हिशेबानं मी ज्या ठिकाणी आऊट झालो नव्हतो आणि मला आऊट दिलं, ते ठिकाण पाण्यापासून चार पुरुष उंचावर अधांतरी तरंगतं, आणि तिथला अन्याय अजून तसाच आहे.

काठ कापलेल्या केकसारखा उभा. वर दोन हात काळी माती, तिच्याखाली पिवळसर मुरूम, आणि त्या मुरमात गोल गोल गोटे. ते गोटे मी हातानं सोलले आहेत. खरंच सोलले, कांद्यासारखे पापुद्रे निघतात, एकाखाली एक, आणि मध्ये मुठीएवढा काळा जिवंत दगड राहतो. एवढा मोठा कातळ, ज्यावर पहार वाकते, तो आतल्या आत ऊन-पाणी खाऊन कांदा होतो आणि वरून कोणाला पत्ता नसतो. दुपारी शांत असताना त्यातला एखादा गोटा आपणहून सुटतो. टुक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टुक. आपण बसलेलो असतो, कोणी हात लावलेला नसतो, आणि काठ आपला मोजत असतो. काय मोजतो ते सांगत नाही.

एक उन्हाळा मी कोकणात आंब्याच्या पेट्या भरायला गेलो होतो. तिथं समुद्राचा कडा पाहिला. वर जांभ्या दगडाची सपाट भुई, कडेला नारळाची मुळं बाहेर लोंबलेली, जशी कोणी केस धरून ओढावीत. मी वर उभा राहून लाटा पाहत होतो तर बागेचा म्हातारा राखणदार म्हणाला, “वर काय बघतोस? त्याचं जेवण खाली चाललंय.” खाली वाकून पाहिलं तर कड्याच्या पायाशी आत आत गेलेली खोबण. समुद्र वरून हात लावत नाही. पायापासून खातो, वरचं आपोआप येऊन पडतं. पडलेलं धुऊन नेतो, की पुन्हा पाय मोकळा. आणि वर, कडेपासून चार पावलं अलीकडं, एक भेग होती. कडेला धरून, कडेसारखीच वळत गेलेली. म्हाताऱ्यानं मला दंडाला धरून तिच्या अलीकडं ओढलं होतं. “ही रेघ दिसली की पलीकडचं आपलं नाही,” म्हणाला.

म्हणजे मला माहीत होतं. हे मी आधीच सांगून ठेवतो.

*

त्या वर्षी तुरी अशा माजल्या होत्या की त्यांच्यात म्हैस हरवली तर शेपटी वर करून हाक मारायची. काठाकडच्या बाजूला सात-आठ तासं, म्हणजे तुरीच्या ओळी, आणि त्यांच्या मध्ये विहीर. ती दादाच्या बापानं खोदलेली, घडीव दगडानं बांधलेली, आत उतरायला भिंतीतून बाहेर आलेल्या दगडी पायऱ्या. विहिरीच्या पाळीवर शेंदूर लावलेले सात गोटे: सात आसरा, पाण्याच्या देवता. तूर सोंगायच्या आधी त्यांना बोनं दाखवायचं, नव्या सोल्यांचा, म्हणजे तुरीच्या ओल्या दाण्यांचा, भात आणि गुळाचा खडा. मगच विळा लावायचा. हा वहिनीचा कायदा. तो मोडायची दादाचीही टाप नव्हती.

सोंगणीच्या तीन दिवस आधी दादानं मला वावरात नेलं. विहिरीच्या दोन्ही अंगांना एक भेग होती. इकडून येऊन विहिरीला मिळायची, तिकडून निघून पुढं जायची, जशी माळेत मणी ओवावा तशी विहीर त्या भेगेत ओवलेली.

“हे रोज बुजवून राह्यलो मी,” दादा म्हणाला. “सांजच्याले डवरा घालतो, माती लोटतो, पायानं दाबतो. सकाळी आलो की उघडी.”

काळ्या रानात भेगा पडतात. आमच्याकडचं पोर चालायला शिकतं तेच भेगेत पाय अडकवून. पाऊस गेला, माती आखडली, की सगळं वावर तडकतं. माणूस डवरा, म्हणजे कोळपं, फिरवतो, भेग बुजवतो, ओल वाचवतो. बापजाद्यांनी हेच केलं. दुसरीकडचा माणूस ती भेग पाहून घाबरला असता आणि वाचला असता. आम्ही तिला ओळखत होतो, हीच गोची झाली. आमच्या भेगा जाळ्यासारख्या असतात, आडव्या-उभ्या, कुठंही. ही एकटी होती, लांबच लांब, काठाला धरून वळलेली. आणि तिचा तलावाकडचा ओठ बोटभर खाली होता.

दादानं बोट लावून दाखवलं. “काल पेरभर होता.”

मला तो कोकणातला म्हातारा आठवला. दंडावर त्याची पकडसुद्धा आठवली. पण तो समुद्र होता, बापा! त्याला भरती-ओहोटी, त्याच्या पलीकडं अरबस्तान. समुद्राचा आजार आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या तळ्याला होईल, हे माझ्या मनाला पटेना. शिवाय बांधावर दोन-तीन माणसं उभी होती आणि ती हसतील असं काहीतरी बोलायची मला सवय. मी म्हणालो, “काळ्या रानात भेग नाई पडन त काय पंचायतीच्या ओट्यावर पडन? साधी भेग हाये दादा. बुजव आन सोड.”

माणसं हसली. दादा हसला नाही. त्यानं डवरा घातला.

*

पावसात काठ पडेल असं सगळ्यांना वाटतं. पावसात तो पडत नाही. पाऊस कोसळत असतो, तलाव तुडुंब असतो, सगळे जीव मुठीत धरून पाहतात आणि काठ ढिम्म. तो पडतो हिवाळ्यात, लख्ख उन्हात, गव्हाला पाणी सोडल्यावर.

दोन माणसं एकमेकांच्या पाठीला पाठ लावून बसली आहेत अशी कल्पना करा. भरलेला तलाव काठाला असा टेकून बसतो. काठ चार महिने पाणी पिऊन आतून ओल्या गोधडीसारखा जड झालेला. पण टेकू आहे, म्हणून बसलाय. मग कालव्याचं दार उघडतं. रोज हातभर, हातभर पाणी खाली. टेकून बसलेला माणूस हळूच उठून जातो, काही न बोलता. आणि दुसरा अजून त्याच्या भरवशावर रेललेला.

ते दिवस मला सगळ्यांत भीतीचे वाटतात. दिसायला इतके सुंदर! आकाश धुतलेलं, तलावात बगळे, काठाच्या भिंतीत पाकोळ्यांची शेकडो भोकं आणि त्यांतून आत-बाहेर करणाऱ्या पाकोळ्या. पाणी आरशासारखं. आणि त्या आरशात काठ उलटा दिसतो, पायाशी खोबण असलेला, जबडा उघडा ठेवून झोपलेल्या माणसासारखा. एखाद्या दुपारी सगळ्या पाकोळ्या एकदम बाहेर येतात आणि एकही परत आत जात नाही. अर्धा तास घिरट्या घालतात. मग पुन्हा आत जातात. काहीच झालेलं नसतं. आपल्याला मात्र तो अर्धा तास रात्रंदिवस पुरतो.

*

सोंगणीच्या दिवशी वहिनी बोनं घेऊन आली. आम्ही तिच्या मागं. दादा आधीच विहिरीत उतरला होता. त्याची चप्पल पाळीजवळ जोडीनं ठेवलेली. आदल्या संध्याकाळपर्यंत विहिरीत कमरेएवढं पाणी होतं. सकाळी दगड टाकला तर कोरडा आवाज आला. एका रात्रीत विहीर रिकामी.

वहिनीनं ताट खाली ठेवलं, शेंदूर काढला आणि मोजायला लागली. पुन्हा मोजलं. मग मला म्हणाली, “भाऊजी, तुमी मोजा बरं.”

सहा. सातवा गोटा जिथं असायचा तिथं मातीत वाटीएवढा ओला खळगा होता आणि खळग्याच्या बुडाशी भेग.

त्याच वेळी दादाचा आवाज आला, शांत, गप्पा मारल्यासारखा. “शेवंते, तुई एक आसरा इथं खाली येऊन बसली.”

वहिनी पालथी पडली आणि ओरडायला लागली. ते मी सुरुवातीला सांगितलं.

मीही आत डोकावलो. विहिरीत उजेड कसा असतो? वरून येतो, खाली जाता जाता दमतो, तळाशी अंधार. त्या दिवशी उलटं होतं. मधला भाग काळा आणि तळाशी उजेड. तलावाकडच्या भिंतीत दोन दगडांमध्ये हातभर फट पडली होती आणि तिच्यातून तलावावरून परतलेलं ऊन आत येत होतं. आडवं. विहिरीत आडवा उजेड! मी सूर्य पश्चिमेला उगवताना पाहिला असता तरी एवढा हाललो नसतो. त्या उजेडात सातवी आसरा एका दगडावर टेकून होती, शेंदूर पेटलेला. दादा तिच्यासमोर उकिडवा बसून फटीतून बाहेर पाहत होता. त्याचं तोंड सोन्यासारखं उजळलं होतं, आणि तो आमच्याकडं नाही, बाहेर पाहूनच बोलत होता. म्हणून त्याचं बोलणं तिकडून येत होतं.

“बगळे दिसून राह्यले,” तो म्हणाला.

“तुमाले माई आन हाये!” वहिनी किंचाळली. “ते ठिवा तिथंच! तिले हात नोका लावू! वर या!”

त्यानं गोट्याकडं हात नेलाच होता. थांबला. मला वाटतं, ती एक ‘नोका’ नसती तर तो तिला उचलून, पदरात घेतल्यासारखी कडेवर घेऊन, हळूहळू चढला असता. तसा उठला आणि चढायला लागला. पायऱ्या वावराकडच्या भिंतीत होत्या, आमच्या बाजूला. एक पायरी. दुसरी. टुक. तिसरी. टुक टुक. मी त्याचा पंजा धरला, वहिनीनं सदरा धरला. तो बाहेर आला आणि भेगेवर एक पाय इकडं, एक तिकडं असा उभा राहून गुडघ्याची माती झटकायला लागला. माणसाच्या सवयी!

“पाय उचला!”

आम्ही त्याला ओढलं. तिघं एकमेकांवर पडलो, बोन्याच्या ताटात.

आवाज मोठा झाला नाही. लोकांना मी सांगतो की आवाज कारंजा गावापर्यंत गेला, ते खोटं. भुईनं सुस्कारा सोडला तेवढाच. तलावाकडची सगळी पट्टी खाली बसायला लागली, घाई न करता. तुरीचं एकही झाड आडवं झालं नाही. सात-आठ तासं उभीच्या उभी खाली गेली, दवाखान्याच्या लिफ्टमधून माणसं जातात तशी, समोर पाहत. मग पट्टीचा पाय पाण्याकडं सरकला आणि शेंडे मागं, आमच्याकडं झुकले. सगळ्या शेंगा एकदम खुळखुळल्या. तो खुळखुळाट मला अजून ऐकू येतो. वाशीमच्या दुकानात, मशीन बंद असताना.

धूळ बसल्यावर विहीर दिसली. म्हणजे अर्धी. नारळ फोडावा तशी उभी चिरली होती. तलावाकडची अर्धी गेली, वावराकडची अर्धी काठाला चिकटून राहिली. आतला ओला गोल, शेवाळ, दगडांच्या ओळी, सगळं उन्हात उघडं. आणि त्यावर पायऱ्या. हवेत उघड्या पडलेल्या, पाण्यापासून वावरापर्यंत चढत आलेल्या. विहिरीत उतरायचा जिना तलावातून वर यायचा जिना झाला होता.

दादाच्या बापानं पायऱ्या त्या अर्ध्यात कशाला बांधल्या? वावरातून येणाऱ्याला सोईच्या, एवढंच. दुसरं काही कारण असेल असं मला वाटत नाही. पण पायऱ्या दुसऱ्या अर्ध्यात असत्या तर, हा विचार मी करायला लागलो की माझ्या तोंडात एकही थाप येत नाही.

पाकोळ्या दुसऱ्या दिवशी परत आल्या. ताज्या काठात नवी भोकं पाडायला लागल्या. त्यांना काही सुतक नव्हतं.

*

यंदाही गव्हाला पाणी सोडलं आणि मी गेलो. काठ आणखी मागं आलाय. अर्धी विहीर अजून चिकटून आहे, पण तिच्या मागं एक नवी रेघ वळत चालली आहे. दादा आता ती बुजवत नाही. रोज सकाळी तिच्या दोन ओठांवर एक काडी आडवी ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी काडी सरकली का पाहतो. त्या रेघेपलीकडची तूर त्यानं पेरलीच नाही. वहिनीनं आसरा तीस पावलं अलीकडं आणल्यात. सहा गोटे, आणि सातव्याच्या जागी नुसती भुई. त्या भुईलाही ती शेंदूर लावते, भात वाढते. तिथून पुढं पोरांना जायची बंदी. गुरंसुद्धा तिथं थबकतात, अशी मी अफवा उठवली आहे; ती बरी चालली आहे.

खाली पाण्यातून कधीकधी शेंगा वाजल्यासारखं वाटतं. पट्टी केव्हाच विरघळून गेली, एक काडी उरली नाही. तरी दुपारी वारा पडला की मी कान देतो. आणि त्या पायऱ्या. पाणी उतरलं की त्यांतली एकेक वर येते, ओली, काळी. आपण वावरात उभे आणि जिना आपल्याकडं तोंड करून. कोणी चढत येत नाही. पण जिना म्हटला की माणूस वाट पाहायला लागतोच.

दादा तुरीच्या पेंढीवर बसून विळ्याला धार लावत होता. वहिनी आसरांपुढची राख गोळा करत होती. इतकी वर्षं मी ही गोष्ट चहाच्या टपरीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत सांगितली, आणि दर वेळी तीन दिवस आधीचा भाग गाळला. कधी भेग पाहिली ती दुसऱ्यानंच, कधी मी आधीच बजावलं होतं. त्या दिवशी काय झालं कोण जाणे. बहुतेक तो टुक आवाज झाला.

“दादा,” मी म्हणालो, “ते भेग मी साधी म्हटली होती.”

“हं.”

“मले मालूम होतं ते साधी नाई. मी कोकणात पाह्यली होती तशीच. लोक हासले पायजे म्हणून बोललो. आन तू उतरला. तू माया बोलण्यावर उतरला ना?”

दादानं विळ्याची धार अंगठ्यावर पाहिली.

“तुयं बोलणं खरं धरून,” तो म्हणाला, “मी आजलोग कधी चप्पल बी नाई घातली.”